ईएसआर की सीआरपी? रूमॅटॉइडच्या पेशंटने दर वेळी काय तपासावं

रूमॅटॉइड संधिवात मागे लागला की दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीसाठी रक्त देणं आलंच. अंगातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या दोन्ही तपासण्या परवडत असतील तर प्रश्न नाही. एकच करायची असेल तर बहुतेकांनी सीआरपी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईएसआर जुनी आणि स्वस्त, लहान गावातही होते. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढंच ती मोजते. अंगात दाह असला की रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर बसतात. पण रक्त कमी असलं तरीही त्या भराभर बसतात, आणि आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना ॲनिमिया आढळला. हिमोग्लोबिन 9 असलेल्या बाईचा ईएसआर 45 आला, तर दोष सांध्यांचा की रक्ताचा? नुसत्या आकड्यावरून कळत नाही. वयाबरोबर आणि गरोदरपणातही तो चढतो.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं, आणि तपासणी त्याचंच प्रमाण मोजते. दाह भडकला की काही तासांत चढते, शमला की साधारण 19 तासांत निम्मी होते. नवं औषध लागू पडतंय का, हे ती लवकर सांगते. ईएसआर उतरायला कित्येक आठवडे जातात. जंतुसंसर्गानेही मात्र सीआरपी वाढते, म्हणून तापात केलेला रिपोर्ट सांध्यांच्या हिशेबात धरू नका.

दोन ठिकाणी माझा सल्ला बदलतो. ल्यूपस या संधिवाताच्याच जातीच्या दुसऱ्या आजारात दुखणं जोरात असूनही सीआरपी अनेकदा नॉर्मल राहते. आणि टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं औषध चालू असेल तर यकृताला सीआरपी बनवायला सांगणारा आयएल-6 या दाहाच्या रेणूचा संदेशच अडतो. संसर्ग असतानाही आकडा शांत दिसू शकतो.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या निदानासाठी. दर वेळी त्यावर पैसे घालवू नयेत.

दोन्ही आकडे नॉर्मल, तरी सकाळी तासभर मूठ वळत नाही, असंही पुष्कळांचं होतं. अशा वेळी सुजलेले सांधे डॉक्टरांना हात लावून बघायला सांगा. आजार किती जोरात आहे हे मोजणाऱ्या डास-28 या गुणांकनात सुजलेल्या आणि दुखऱ्या सांध्यांची मोजणी त्यासाठीच असते.

शक्यतो लॅब बदलू नका. बदललीच तर एकक वाचा: लिटरमागे 20 मिलिग्रॅम आणि डेसिलिटरमागे 2 मिलिग्रॅम ही एकच सीआरपी आहे.