जुना कृष्णधवल सिनेमा नेटवर बघावा की डिस्कवर?

कोल्हापुरात जुन्या सिनेमाचा विषय निघाला की बोलणं बाबूराव पेंटरांवरून 'प्रभात'वर येतं आणि तिथंच थांबतं. त्यात गैर काही नाही. १९२९ साली इथं सुरू झालेली ही कंपनी १९३३ ला पुण्याला गेली, तरी आपण तिला आपलीच मानतो. पण 'संत तुकाराम', 'माणूस' पाहून झालेत आणि आता फारसं कुणी न बोललेलं काहीतरी पाहायचंय, अशा माणसापुढं प्रश्न असतो तो पाहायचं कुठं याचा. नेटवरच्या फुकट प्रती, की व्हीसीडी-डीव्हीडी हुडकत बसायचं? मी दोन्ही करत आलोय.

शोधायला नेटला तोड नाही. हंस पिक्चर्सचंच घ्या. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये आपल्या गावात काढलेली ही कंपनी. 'ब्रह्मचारी'चं नाव सगळ्यांना ठाऊक, पण अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रँडीची बाटली' (१९३९) पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. दामुअण्णा मालवणकरांचा साधाभोळा कारकून औषधापुरती ब्रँडी शोधत गावभर हिंडतो, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. असं काही पाहायची इच्छा झाली की नेटवर नाव टाकायचं, एवढंच काम.

डिस्कचं तसं नाही. विकणारी दुकानं बंद झाली. जुन्या सामानात जे हाती लागेल ते आपलं. प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा मिळत नाही. व्हीसीडीचं चित्र भुरकट, त्यात सिनेमा दोन तबकड्यांवर, म्हणजे ऐन रंगात आलं की उठा आणि तबकडी बदला.

एवढं असूनही माझा हात डिस्ककडं जातो, आणि त्याला कारण एकच आहे. जुन्या सिनेमाची चौकट चौकोनाकडं झुकणारी, आताचे टीव्ही रुंद. बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून नेटवर टाकणारे चित्र एकतर आडवं ताणतात नाहीतर वरून-खालून छाटतात. ताणलेलं एकवेळ चालतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार बदलला की बरेचदा माणसं माणसांसारखी दिसतात. छाटलेलं मात्र कायमचं गेलं, आणि ते थोडंथोडकं नसतं, उंचीचा जवळपास चौथा हिस्सा जातो. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'ची (१९६५) अशी एक प्रत मी पाहिली. लोहाराची गोष्ट, आणि गाण्यात घण वर गेला की दिसेनासा होतो, खाली येतो तेव्हा ऐरण चौकटीबाहेर. फेट्यांचे तुरे तर प्रत्येक प्रसंगात कापलेले. चीड येते हो.

त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीच्या पाट्या. पुढचा सिनेमा मी त्या पाट्यांवरून शोधतो. नट सगळेच बघतात. मी छायालेखक कोण, संवाद कुणाचे, चित्रण कुठल्या स्टुडिओत, ते टिपून घेतो आणि त्याच नावांचं दुसरं काम हुडकतो. छाटलेल्या प्रतीत वरची आणि खालची ओळ गायब असते, आणि हवं असलेलं नाव नेमकं तिथंच असतं.

माझ्याकडच्या डिस्कवर चित्र अख्खं आहे. सगळ्याच डिस्क तशा असतील असं म्हणवत नाही, आणि कुणाला भुरकटपणाच जास्त खुपेल, तेही मान्य. पण जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर व्हीसीडी लावली की कडेपासून कडेपर्यंत चित्र बरोब्बर बसतं.

शाहू स्मारकात फिल्म सोसायटीचा खेळ असेल तर अर्थात तो पहिला. मोठा पडदा, शेजारी जाणकार माणसं. फक्त सिनेमा आपण निवडत नाही.

घरात प्लेअर नसेल तर मुद्दाम विकत घ्या असं मी म्हणणार नाही. नेटवर एकाच सिनेमाच्या दोन-तीन प्रती सापडतात. प्रत्येकीच्या पहिल्या पाट्या बघा आणि जिच्यात वरची ओळ पूर्ण वाचता येते ती लावा, मग चित्र जरा अंधुक असलं तरी चालेल. प्लेअर माळ्यावर पडून असेल तर मात्र उतरवा. राजा परांजप्यांच्या 'लाखाची गोष्ट' किंवा 'पेडगावचे शहाणे'ची डिस्क कुठं दिसली तर घासाघीस न करता घ्या.