माहिमचा बुधवारचा नोव्हेना, नऊ आठवडे जाऊन आल्यावर

मी नाताळ आणि ईस्टरपुरता चर्चला जाणारा माणूस, हे आधीच सांगतो. आम्ही वसईचे कॅथलिक, घरात रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) व्हायची आणि मी तेव्हा मोबाईल घेऊन ओट्यावर. जूनमध्ये पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, मग हॉस्पिटल, मेडिक्लेमचे कागद, ऑफिस, परत हॉस्पिटल, रात्री झोप नाही आणि घरात कोणाशी धड बोलणं नाही. आत्या म्हणाली, नऊ बुधवार माहिमला नोव्हेनाला जा, म्हणजे मरियामातेची नऊ वेळा करायची प्रार्थना. मी म्हटलं बघू, आणि गेलो ते खरं तर तिच्या फोनला कंटाळून.

सेंट मायकल चर्च, माहिम वेस्टला. विरारकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फास्ट लोकल माहिमला थांबत नाही, बांद्र्याला उतरून स्लो पकडायची. नोव्हेना 1948 पासून चालू आहे, बुधवारी दिवसभर वेगवेगळ्या भाषांत होतो, मराठीतही, टाइम आधी बघून जा. गर्दी असतेच. आणि फक्त आपलीच माणसं नाहीत हां, टिकली-मंगळसूत्रवाल्या बायका, बुरखेवाल्या, कॉलेजची पोरं, सगळे. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ असलं सगळं विकायला असतं, ज्याचं जे मागणं ते घेऊन मरियामातेला वाहायचं. मी मेणाचा पाय घेतला, उजवा की डावा ते कळतच नव्हतं, विकणारी बाई म्हणाली तिला बरोबर कळतं, द्या तुम्ही.

मला खरा आधार मिळाला तो पत्रांचा. लोक आपलं गाऱ्हाणं किंवा आभार कागदावर लिहून टाकतात आणि नोव्हेनात त्यातली काही वाचून दाखवतात. कोणाला मूल झालं, कोणाची दारू सुटली, कोणाचं घराचं काम अडकलं होतं. दोन महिने मला वाटत होतं जगात आमच्याच घरावर आभाळ कोसळलंय, आणि इथे अख्खं चर्च भरून तसलीच घरं. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे पेन मागितलं, मुलाच्या नोकरीसाठी लिहायचं होतं, लिहून झाल्यावर पेन परत देत म्हणाल्या तुम्ही पण लिहा ना. लिहिलं. सहा-सात ओळी लिहिल्या आणि तिथेच रडलो, हॉस्पिटलमध्ये एकदा पण रडलो नव्हतो.

पाचवा बुधवार चुकला, पप्पांना परत ॲडमिट केलेलं. एकजण म्हणाला आता पहिल्यापासून मोजायचं. आत्याला विचारलं तर म्हणाली, माता काय मस्टर घेऊन बसलीये?

आता मातेच्या चित्राबद्दल, नोव्हेना जिच्या नावाने होतो ती, बाळ येशूला घेतलेली निरंतर साहाय्य माता. मूळ चित्र रोममध्ये आहे, 1866 मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट नावाच्या संघाच्या फादर लोकांकडे सोपवलं, तिथून त्याच्या कॉप्या जगभर गेल्या. लहानपणापासून घरात बघत आलोय पण नीट बघितलं नव्हतं. बाळ येशूला दोन देवदूत दिसतात, एकाच्या हातात क्रूस, दुसऱ्याकडे भाला, आणि घाबरून तो आईचा हात दोन्ही हातांनी धरतो, आणि एका पायातली चप्पल सुटून नुसती पट्ट्यावर लोंबकळतेय. पप्पांची उजवी चप्पल पण पायात राहात नाही, पायाला पकडच नाही. सहाव्या बुधवारी हे दिसलं आणि पुढचं प्रवचन काय झालं मला माहीत नाही.

कोणी विचारेल गुण आला का? फिजिओ चालू आहे, गोळ्या चालू आहेत, नोव्हेना केला म्हणून डॉक्टर सोडू नका प्लीज. पप्पा वॉकर घेऊन ओट्यापर्यंत येतात, चप्पल अजून सुटते, मी खाली बसून घालतो आणि आता त्यात चिडचिड होत नाही. रात्री रोझरीला मी पण बसतो, मधेच डुलकी लागते ते वेगळं.

पुढच्या महिन्यात त्यांनाच घेऊन जायचंय, वसईहून गाडी करून. व्हीलचेअरसाठी कुठल्या गेटने सोपं पडतं आणि गर्दी कमी कधी असते, कोणी नेलं असेल तर सांगा.