टॅक्स क्रेडिट फाइली तपासायचं सॉफ्टवेअर: हिशोब झकास, पण हिरव्या टिकवर जाऊ नका

पुण्यात खराडीला बसून अमेरिकेतल्या अफोर्डेबल हाउसिंगच्या फाइली तपासते मी, पदाचं नाव कंप्लायन्स स्पेशालिस्ट, म्हणजे नियम पाळलेत का ते बघणारी, शिफ्ट अर्थातच रात्रीची. ऑफिसने घेतलेल्या सॉफ्टवेअरचा हा रिव्ह्यू आहे, नाव टाकत नाही कारण नोकरी टिकवायचीय.

आधी थोडक्यात सांगते. तिकडे 1986 च्या टॅक्स कायद्यात सेक्शन 42 आलं, कमी भाड्याची घरं ठेवली की मालकाला टॅक्स क्रेडिट मिळतं. क्रेडिट 10 वर्षांत घ्यायचं पण नियम 15 वर्षं पाळायचे, आणि पुढे किमान 15 वर्षं भाडं आवाक्यात ठेवायचं ते वेगळंच. भाडेकरूचं इन्कम मर्यादेत होतं हे दर घराच्या फाइलमधून दिसलं पाहिजे, नाहीतर स्टेट एजन्सी 8823 फॉर्म भरून आयआरएसला, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्याला, कळवते आणि घेतलेलं क्रेडिटसुद्धा परत जाऊ शकतं.

आता चांगलं काय ते. इन्कम लिमिट काउंटीप्रमाणे वेगळं, घरात माणसं किती त्याप्रमाणे वेगळं, वर एचयूडी, म्हणजे तिकडचं गृहनिर्माण खातं, ते दरवर्षी बदलणार. पूर्वी हे सगळं कोणीतरी एक्सेलमध्ये हाताने भरायचं आणि एक सेल चुकला की सगळ्यांची रात्र गेली. इथे आपोआप लोड होतं, लिमिटच्या आत असलं की हिरवी टिक, बाहेर गेलं की लाल. टीआयसीचा, म्हणजे भाडेकरूच्या इन्कमच्या दाखल्याचा, फॉर्मही बऱ्यापैकी स्वतःच भरून देतं. एवढ्यासाठी पैसे वसूल.

पण त्या हिरव्या टिकने माणसं कागद वाचायचीच बंद होतात हो. समजा एका भाडेकरू बाईच्या पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, ग्रॉस 1,200 डॉलर आहे, पगार दर दोन आठवड्यांनी असेल तर गुणिले 26 म्हणजे 31,200, महिन्यातून दोनदा असेल तर गुणिले 24 म्हणजे 28,800, आणि लिमिट 30,000 असलं तर एका हिशोबात बाई बसते आणि दुसऱ्यात बाहेर. साइटवरचा मॅनेजर घाईत ड्रॉपडाउनमधून चुकीचं निवडतो, सॉफ्टवेअर बिचारं 24 ने गुणून हिरवं दाखवतं. अरे स्टबवर 1 ते 14 तारीख छापलीय की! वायटीडीचा, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या एकूण कमाईचा, आकडा तर कोणी बघतच नाही, खरंतर ओव्हरटाइम तिथेच सापडतो.

स्टुडंट रूलचं अजून वाईट. घरातले सगळेच फुल टाइम स्टुडंट असले तर घर बाद, शाळकरी पोरंही यात मोजतात, आणि वर्षातले कुठलेही 5 महिने शिकलात तरी स्टुडंटच, सलग असायची गरज नाही. म्हणजे कॉलेजात जाणारी एकटी आई आणि तिसरीतली मुलगी असेल तर सिंगल पेरेंटची सूट कागदावर दाखवावी लागते. सॉफ्टवेअर विचारतं काय, तर आज स्टुडंट आहात का, हो किंवा नाही. मे महिन्यात कॉलेज सोडलेली व्यक्ती खुशाल नाही लिहून मोकळी.

स्कॅन शेजारीच उघडतो ते बरंय, पण पान बदललं की झूम परत लहान, वैताग नुसता. व्हाइटनर लावलेली सही ते पकडत नाही, ती आपणच पकडायची. तारखा अमेरिकन पद्धतीने, त्यामुळे 04/05 म्हणजे 5 एप्रिल हे नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. व्हेरिफिकेशनचे कागद 120 दिवसच चालतात, त्यात एका महिन्याचा घोळ म्हणजे फाइल गेली. सपोर्ट चॅट तिकडच्या ऑफिस टाइममध्ये चालू असतं, नाइट शिफ्टचा हा एकमेव फायदा म्हणा.

5 पैकी साडेतीन. डेमो घेणार असाल तर सेल्सवाल्याची चकाचक सॅम्पल फाइल बघत बसू नका, तुमच्याकडची सगळ्यात नासकी फाइल द्या त्याला, टिप्सवर चालणारी नोकरी, मध्येच सोडलेलं कॉलेज, एका पानावर सहीच नाही अशी, आणि मग टिक कुठल्या रंगाची येते ते बघा.