पंखांचा वाडगा: कोपरे मोकळे ठेवायचे की पट्ट्या चिकटवायच्या?

चौकोनी ठोकळा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवायचा, मधे वाडगा कातायचा आणि उरलेल्या चार कोपऱ्यांचे पंख करायचे, हे एकदा डोक्यात बसलं की पहिला प्रश्न हाच पडतो. कोपरे तसेच मोकळे फिरू द्यायचे आणि हत्यार निम्मा वेळ हवेत चालवायचं? की चारही बाजूंना टाकाऊ लाकडाच्या पट्ट्या चिकटवून आधी पूर्ण गोल तबकडी करायची, निवांत कातायची आणि शेवटी पट्ट्या काढून टाकायच्या? मी दोन्ही करून पाहिलंय. मोकळ्या कोपऱ्यांचे बरेच वाडगे झाले, पट्ट्यांचे मोजून पाच. त्यामुळे पट्ट्यांबद्दलचं माझं मत पाच वाडग्यांच्या जोरावर आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

गाऊज (पन्हळीसारख्या पात्याचं कातायचं हत्यार) कसा धरायचा, ठोकळा पकडायला जबड्यांचा चक की स्क्रूने बसवायची फेसप्लेट, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. तिसराही एक रस्ता आहे: रुंद काठाचा गोल वाडगा कातून घ्यायचा आणि मग बँडसॉवर (पट्टीसारख्या पात्याच्या करवतयंत्रावर) चार बाजू सरळ उडवायच्या. पण खालून गोलाई असलेली वस्तू पात्यापुढे धरायची म्हणजे ती कुठेच नीट टेकत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही.

मोकळ्या कोपऱ्यांची भीती वाटते आणि ती वाटायलाच हवी. २०० मिलिमीटर बाजूचा चौकोन घ्या. त्याचा कर्ण येतो २८३ मिलिमीटर. लेथ मिनिटाला १००० फेऱ्यांवर असेल तर पंखाचं टोक ताशी जवळजवळ ५३ किलोमीटर वेगाने फिरत असतं, आणि डोळ्याला ते दिसतं एखाद्या धुरकट कड्यासारखं. मधलं २०० मिलिमीटरचं वर्तुळ भरीव. त्याबाहेरच्या कड्यात हिशेब केला तर जेमतेम पाव भाग लाकूड आहे, बाकी सगळी हवा. त्या हवेत चुकून बोट गेलं तर पुढचा कोपरा यायला सेकंदाचा साठावा भागही लागत नाही. माझं डाव्या हाताचं बोट एकदा टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या दांड्याच्या, पुढे आलं होतं, तेही ६०० फेऱ्यांवर, म्हणजे तसं संथच. नख काळं पडलं, नंतर गळून गेलं, नवीन यायला काही महिने गेले. हाड वाचलं हे नशीब. तेव्हापासून रेस्ट लावल्यावर ठोकळा हाताने एक पूर्ण फेरी फिरवून पाहिल्याशिवाय बटण दाबत नाही, आणि डावा हात रेस्टच्या मागेच राहतो. तोंडावर पूर्ण शील्ड हवी, नुसता चष्मा पुरत नाही.

पट्ट्यांच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच. तबकडी गोल असली की हाताला लागणारं काहीच नाही. गाऊज टेकवला की टेकलेलाच राहतो, ढलपी लांब आणि सलग निघते, आवाजही नेहमीच्या वाडग्याचाच. पहिल्यांदा पट्ट्या लावून कातलं तेव्हा मला वाटलं, आपण इतके दिवस उगाच जीव मुठीत धरून बसलो होतो.

हत्याराच्या बाबतीत मोकळे कोपरे सुरुवातीला फार छळतात. आपल्या हाताला सवय असते गाऊजची मागची बाजू लाकडावर रेलून पुढे सरकवायची. इथे रेलायचं कशावर? लाकूड येतं, जातं, मधे पोकळी. जरा दाब दिलात की हत्यार त्या पोकळीत बुडतं आणि पुढचा पंख येऊन त्याला दणका देतो. पहिले दोन-तीन वाडगे मी असेच ठोकत ठोकत केले, पृष्ठभागावर लाटा. जमतं तेव्हा कळतं की हत्याराची वाट लाकडाने नाही, आपल्या अंगाने ठरवायची असते. मूठ कमरेला टेकवायची, रेस्टवर हत्यार घट्ट आणि लाकडावर अगदी अलगद, आणि मधे लाकूड असो वा नसो, त्याच रेषेत त्याच चालीने सरकायचं. वेग थोडा वाढवला की उलट सोपं जातं, कारण दोन ठोक्यांमधलं अंतर कमी होतं. पण वेग वाढवायचा तो ठोकळ्याचा तोल आणि पकड खात्रीची असेल तरच.

क्रमही नेमका लागतो. खालची बाजू आधी पुरी करायची, चकात धरायला टेनन, म्हणजे तळाला छोटा गोल खुंट, काढायचा. मग उलटवून वरून पंखांची जाडी टोकाकडून आत, एका वेळी दोन-अडीच सेंटिमीटर, तिथल्या तिथे शेवटच्या मापापर्यंत आणायची. तोवर मधला गाभा भरीव ठेवायचा. गाभा आधी पोखरला की पातळ पंख हेलकावायला लागतात, आणि मागे जाऊन टोकाशी पुन्हा एक हात मारू म्हटलं तर हमखास घोटाळा. पट्ट्यांच्या तबकडीतही क्रम हाच, फक्त तिथे चूक थोडी माफ होते, कारण कड सगळीकडून धरलेली असते.

कड उडणं ही मोकळ्या कोपऱ्यांची खास खोड. हत्यार पंखातून बाहेर पडतं त्या बाजूला शिरांना मागून आधार नसतो, त्यामुळे तिथे छिलके निघतात. ताजी धार, हलका हात आणि कडेला आधीच पातळ सुपर ग्लू मुरवून ठेवणं, एवढ्यावर माझं भागतं. मोठ्या छिद्रांच्या लाकडात तरीही कधी कधी तुकडा जातोच. पट्टी मागे असली तर हे जवळपास होत नाही, कारण हत्यार पंखातून बाहेर पडतं ते थेट पट्टीत शिरतं. हा गुण पट्ट्यांना द्यायलाच हवा.

एवढं असून मी पट्ट्या का सोडल्या?

चौकोनाच्या चार बाजूंपैकी दोन बाजूंना शिरांची टोकं उघडी असतात. तिथे गम शोषला जातो आणि जोड कच्चा राहतो. आधी पातळ गमाचा एक हात देऊन छिद्रं बुजवायची, मग दुसरा हात, मग क्लॅम्प, मग रात्रभर थांबायचं. पट्टी पुढे सुटी करता यावी म्हणून मधे जाड तपकिरी कागद घालतात. कागद मधोमध फाटतो आणि पटाशीचं टोक लावून पट्टी निघते, अशी योजना. म्हणजे जो जोड फिरताना टिकायला हवा तोच नंतर सहज सुटायलाही हवा, आणि निम्म्या ठिकाणी तो मुळातच कच्चा. एक पट्टी माझ्या लेथवरून सुटलीही. सुदैवाने मी तबकडीच्या रेषेत उभा नव्हतो. पट्टीची सुरक्षितता असते ती अशी, गमाच्या भरवशावरची.

तरी तेही चाललं असतं. मला उबग आणला तो कडांनी.

पट्टी निघाली की कडेवर राहतो कागदाचा लव आणि गमाचा थर. कागद खरवडून निघतो. गम मात्र शिरांत उतरलेला असतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. तुम्ही घासता, बोट फिरवता, गुळगुळीत लागतं, खूश होता. मग तेलाचा पहिला हात देता आणि सगळा पंख गडद होत जातो, कड सोडून. तिथे तेल मुरतच नाही. फिकट, दुधाळ रेघ, मधे मधे तुटक, जणू कुणी ओल्या खडूने आखली आहे. गडद अक्रोडावर तर ती दारातूनही दिसेल. मग पुन्हा घासा. पण आता पंख कडेला चार-पाच मिलिमीटर जाडीचा, वर-खाली वळलेला. रंधा टेकवायला सपाट जागा नाही, ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासायचं तर दोन्ही बाजूंच्या धारा गोल होतात. आणि पंखांच्या वाडग्यात बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी जाते कुठे? त्याच धारेवर. पाचव्या वाडग्याला मी तीन वेळा तेल लावलं, तीन वेळा घासलं. शेवटी एक कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा दीड मिलिमीटरने आत गेला, आणि एकदा कळल्यावर तो मला त्यापुढे दिसतच राहिला.

मोकळ्या पद्धतीत हीच कड लेथवर चढवण्याआधी तयार होते. ठोकळा चांगला जाड असतो, चारही बाजू सपाट, बाकावर पकडायचा, धारदार रंध्याचे दोन हात, वर बारीक पेपर, झालं. कातून झाल्यावर त्या कडेला हात लावायचा नाही. कातलेला पृष्ठभाग आणि रंधलेली कड जिथे भेटतात तिथे जी लख्ख रेघ उमटते ती नंतर घासून कधी येत नाही, निदान मला तरी आणता आलेली नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा सफाईदार असेल तर कदाचित ही अडचण तुम्हाला अडचण वाटणारही नाही.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट, जी मला आधी सुचली नव्हती. तबकडीत पंख दिसत नाही. तुम्ही एक जाड ताटली कातत असता आणि पंखाची उचल कशी असेल हे कल्पनेवर सोडलेलं असतं. पट्ट्या काढल्यावर कळतं की टोक फारच सपाट राहिलंय. मोकळ्या कोपऱ्यांत तो धूसर आकार सतत समोर असतो. लेथच्या मागच्या भिंतीवर मी एक जुनी काळी चादर टांगली आहे आणि बाजूने एक दिवा. त्या काळ्यावर पंखाची वरची आणि खालची रेघ अशा दोन राखाडी रेघा दिसतात, मधलं अंतर म्हणजे जाडी. कडांना आधी पांढरा खडू फासला तर आणखी ठळक. जाडी मोजायचा कॅलिपर लावायला लेथ थांबवावा लागतोच, पण किती वेळा, हे त्या चादरीने निम्म्यावर आणलं.

आता उलट बाजू, नाहीतर मी एकांगी बोलतोय असं होईल. पॉलिश पेपरच्या कामात मोकळे कोपरे सपशेल हरतात. तबकडी फिरती ठेवून १२० नंबरपासून बारीक ३२० पर्यंत पेपर चढवत न्यायला पंधरा मिनिटं पुरतात. मोकळ्या पंखांवर लेथ चालू ठेवून पेपर धरायचा नाही. बोटांचं तर आहेच, शिवाय पेपर प्रत्येक पोकळीत किंचित बुडतो आणि येणाऱ्या पंखाची पुढची धार खाऊन टाकतो. मग ती लख्ख रेघ जपल्याचा उपयोग काय? म्हणून मधला वाडगा फिरता ठेवून घासायचा आणि पंखांसाठी लेथ बंद, स्पिंडल (लेथचा फिरणारा दांडा) कुलूपबंद, खालून तळहाताचा आधार, आणि शिरांच्या दिशेने एक एक पंख हाताने. चार पंख, दोन बाजू, चार वेगवेगळ्या नंबरांचे पेपर. माझा दीड तास जातो. गाऊजचा शेवटचा हात जितका साफ, तितका हा वेळ कमी. खरं सांगायचं तर धार लावायला मी याच कंटाळ्यापायी नीट शिकलो.

ओल्या लाकडाचा प्रश्न लवकर निकालात निघतो. साधा लाकडाचा गम ओल्यावर धरत नाही, आणि धरला तरी लाकूड सुकताना पट्टीला ओढतं. अर्धा ओंडका सालीसकट घेऊन नैसर्गिक काठाचे दोन पंख करायचे असतील तर मोकळं कातण्याला पर्याय नाही. असे पंख सुकताना किंचित वळतात, पुष्कळदा चांगल्यासाठीच.

तेव्हा कुणी काय करावं? साधा गोल वाडगा कातताना तुमचं हत्यार अजून अधूनमधून अडकत असेल, तर पंखांचा पहिला वाडगा पट्ट्या लावून करा, आणि लाकूड फिकट निवडा, म्हणजे गमाची रेघ लपेल. वाडगा रंगवायचा किंवा कडा काळ्या करायच्या असतील तर माझी सगळी तक्रारच मोडीत निघते, खुशाल पट्ट्या लावा. पण हात बसला असेल आणि लाकडाचा रंगच दाखवायचा असेल, तर मी कोपरे मोकळे ठेवीन. सुरुवात १५० मिलिमीटरच्या चौकोनाने करा. त्याचा कर्ण २१२ मिलिमीटर, टोकाचा वेग त्याच प्रमाणात कमी. पंख लगेच पातळ करायला जाऊ नका, आठ मिलिमीटर ठेवा. पहिला माझा दहाचा होता, ओबडधोबड, त्यात आता गाऊजना धार लावायचे दगड असतात. पट्ट्या अजून लेथखाली पडून आहेत, बाकाचा एक पाय आखूड आहे त्याच्याखाली त्यातली एक सरकवली आहे.