मास्टर चीफ कलेक्शन: आठ महिने खेळल्यावर, फक्त मॅप्सबद्दल

आठ महिने झाले, आठवड्यातून तीन-चार रात्री तरी हेलो या बंदुकबाजीच्या व्हिडिओ गेमचं मास्टर चीफ कलेक्शन, म्हणजे मालिकेतले बरेच गेम एकत्र, चालूच आहे. आम्ही कॉलेजचे चौघं, मी पुण्यात, एक नाशिकला, एक बंगलोरला आणि एक दुबईत, तिकडचं घड्याळ दीड तास मागे म्हणून आमची जेवणं उरकली तरी त्याचं "थांबा रे, अजून ऑफिसातून निघतोय" चालू असतं. कॅम्पेन (एकट्याने खेळायची कथा), ग्राफिक्स यावर भरपूर जणांनी लिहिलंय, मी ते सोडतो. मला लिहायचंय मॅप्सवर, म्हणजे टीमच्या मॅच जिथे होतात त्या मैदानांवर, कारण आठ महिने आम्ही टिकलो ते मॅप्समुळे टिकलो.

सुरुवातीला आम्ही इंग्रजी कॉलआउट, म्हणजे शत्रू कुठे आहे ते साथीदारांना सांगायची जागांची नावं, पाठ करायला घेतले होते, जमलं नाही. मागून गोळ्या लागत असताना तोंडातून मराठीच येतं. मग हळूहळू जागांना आपोआप नावं पडत गेली, गच्ची, बोळ, रहाट, काच, टेकडी. आता माझं पक्कं मत झालंय की जिथे न ठरवता अशी नावं पडली तोच मॅप चांगला, कारण नाव पडलं म्हणजे ती जागा बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे, ऐकल्या ऐकल्या डोळ्यासमोर येते, आणि तिथे सारखं काहीतरी घडतं.

यात पहिला नंबर लॉकआउटचा. हेलो २ मधला, २००४ चा. बर्फाळ कड्यांमध्ये लटकलेली लोखंडी जागा, दोन मनोरे, मध्ये चौक, खाली थेट दरी, एक लिफ्ट आणि एक काचेचा पूल. एवढाच मॅप, पण इतका उभा आहे की नुसतं डावं-उजवं सांगून भागत नाही, वर की खाली ते पण सांगावं लागतं. स्नायपरवाला (लांबून नेम धरायची रायफल पडलेली असते तो) मनोरा म्हणजे आमची गच्ची. एकदा माझं शिल्ड, म्हणजे गोळ्या झेलणारं अंगावरचं कवच, गेलेलं, मी कोपऱ्यात बसून ते भरायची वाट बघतोय, आणि नाशिकवाला ओरडला "गच्चीवरून उतरला, शिल्ड नाही, काचेवर येतोय!" मी त्या माणसाला पाहिलाही नव्हता. काचेच्या टोकाला डोक्याच्या उंचीवर बॅटल रायफल धरून ठेवली, तो वळला, एक बर्स्ट (एका दमात सुटणाऱ्या तीन गोळ्या), खलास. एरवी, शिल्ड भरलेलं असलं तर, चार बर्स्ट लागतात हो. ती एक मॅच मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो.

हेलो ३ (२००७) मध्ये त्याच धाटणीचा गार्डियन आहे, मोठाल्या झाडांमध्ये, हिरवागार, दिसायला लॉकआउटपेक्षा सुंदर. पण हेलो ३ ची बॅटल रायफल वेगळी आहे, गोळी पोचायला वेळ घेते, त्यामुळे लांबचा माणूस धावत असेल तर त्याच्या जरा पुढे मारावं लागतं, हेलो २ मध्ये नेम लागला की लागली गोळी. एकामागून एक दोन्ही मॅप खेळलं की हात गोंधळतात. म्हणून आम्ही आता एका रात्री एकच गेम लावतो.

द पिट नवीन माणसाला मी आधी खेळायला लावेन. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे अर्धा मॅप शिकलात की पूर्ण आला. दोन्हीकडे एकेक स्नायपर, एक तलवारीची खोली, आणि रॉकेट लॉंचर पडतं त्या लांब अरुंद गल्लीला आमच्यात बोळ म्हणतात. सुरुवातीचे वीस सेकंद कोण कुठे पळणार हे ठरलेलं पाहिजे, आमच्यात बंगलोरवाला बोळात जातो आणि मी त्याच्या मागे, कारण पहिला मेला तरी रॉकेट तिथेच पडतं, ते उचलायला दुसरा हवाच.

झॅंझिबार मॅपचा तो समुद्रकाठ आणि मधलं भलंमोठं फिरणारं चाक, तो आमचा रहाट. एक झेंडा, एक टीम राखणार, दुसरी पळवणार, आणि आतून बटण दाबलं की मोठं दार उघडतं. दार उघडायचा आवाज आला की आमच्यापैकी कोणीतरी आत पोचलंय, मग सगळे सोडून तिकडे पळायचं. हेलो ३ मध्ये तो लास्ट रिसॉर्ट नावाने परत आणलाय, मला जुनाच जवळचा वाटतो.

ब्लड गल्चला आम्ही नुसतं घळ म्हणतो. पहिला हेलो एक्सबॉक्सवर २००१ ला आला, पीसीवर २००३ ला, आणि पीसीच्या फुकट डेमोमध्ये मल्टिप्लेअरचा हा एकच मॅप होता. आमच्या गावच्या कॅफेत तोच डेमो सगळ्या मशीनवर टाकलेला, त्यामुळे पूर्ण गेम न बघताच घळीतला दगड न दगड माहिती झाला. आज तिथे परत उभा राहिलो, समोर निळा बेस, वर आकाशात वळत गेलेलं ते कडं (हेलो म्हणजे आपण ज्यावर उभे असतो ते अवाढव्य कडंच), आणि खरं सांगतो गळा भरून आला. खेळायलाही अजून मजा येते, तीन गोळ्या डोक्यात बसल्या तर पहिल्या हेलोचं पिस्तूल कोणालाही आडवं करतं.

वल्हाला मॅप, टेकडीवर लेझर बंदूक आणि बेसमधून माणसाला हवेत फेकणाऱ्या तोफा, मस्त. सॅंडट्रॅप दोन्हीकडे आठ-आठ जण असतील तरच खेळावा. स्नोबाउंड मात्र मला नाही आवडत, दारांवरचे ते शिल्ड माणसाला जाऊ देतात पण गोळी अडवतात, मग जो तो आत लपून वाट बघतो आणि मॅच कुजते. आठ महिन्यांत तिथे एकाही जागेला नाव पडलं नाही.

एक कामाची गोष्ट, पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त असेल तर लॉकआउट-गार्डियनच्या नादी लागू नका. मध्ये माझ्या ब्रॉडबँडवाल्याने दोन आठवडे छळलं तेव्हा मी फक्त मोठे मॅप खेळलो, वॉर्टहॉग (गेममधली जीप) चालवला, त्यात लॅग, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर, तितका जाणवत नाही. आणि मॅच लवकर मिळावी म्हणून मॅच कंपोझरमध्ये (कुठल्या मॅच हव्यात ते निवडायची यादी) एकापेक्षा जास्त गेम टिक करून ठेवा, एकच गेम पाहिजे असेल तर थांबायची तयारी ठेवा.

गेल्या शनिवारी दुबईवाला नव्हता म्हणून नाशिकवाल्याने भाच्याला बसवलं, अकरावीतला पोरगा, हेलो पहिल्यांदाच. पिट लागला. दोन मॅच तो गप्प होता, फक्त आमचं ऐकत होता. तिसऱ्या मॅचला मी गच्चीसारख्या त्या मनोऱ्यावर स्नायपर घेऊन उभा, आणि हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "काका, बोळात एक, रॉकेट उचललंय त्याने, तुमच्याकडे वळतोय." मी खाली उडी मारली आणि मी उभा होतो तिथेच रॉकेट फुटलं.