लग्नानंतर मंडळी कोणती? ‘मस्तक’वाली की ‘एकमेकांच्या अधीन’वाली

भाचीचं लग्न ठरलंय. आमचं घर भुसावळचं, सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. मुलाचं नवापूरकडचं, एका स्वतंत्र मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. साखरपुड्यानंतर तिला कळलं की तिकडे बाया उपदेश करत नाहीत आणि ‘वडिलांच्या’, म्हणजे मंडळीच्या कारभारी ज्येष्ठांच्या, पंचात बसत नाहीत. तिचा लगेच फोन: “मावशी, मी कुठे जायचं?”

तिच्यासारखंच कुणाला ठरवायचं असेल तर दोन्ही बाजू मांडते. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही.

एक मत पूरक भूमिकांचं. देवापुढे दोघांचं मोल सारखं, पण काम वेगळं: घरात नवरा मस्तक, मंडळीत पाळक (पास्टर) आणि वडील पुरुषच. १९८७ साली अमेरिकेतल्या डॅनव्हर्स गावी तयार झालेलं निवेदन हा या मताचा जाहीरनामा. दुसरं मत समानतेचं. पवित्र आत्मा दानं, म्हणजे सेवेची कौशल्यं, देताना बाई-पुरुष बघत नाही, म्हणून जबाबदारीही दानाप्रमाणे. बायबलमधलं गलतीकरांस पत्र ३:२८ (ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद नाही) हा त्यांचा आधार, आणि १९८९ साली त्यांनीही आपलं निवेदन काढलं.

घरापुरतं बघितलं तर खरं भांडण इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या दोन ओळींचं आहे. बाविसावी ओळ पत्नींना पतीच्या अधीन व्हायला सांगते. एकविसावी सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते. अगदी जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या ओळीत क्रियापदच नाही, ते वरच्या ओळीतून घ्यावं लागतं. समानतावाले म्हणतात, मग या दोन ओळी तोडता कशाला? यावर पूरकवाल्यांचं उत्तर असं की पुढे ख्रिस्त आणि मंडळीची उपमा आहे, आणि ख्रिस्त काही मंडळीच्या अधीन होत नाही. हे उत्तर मला वजनदार वाटतं. पण त्याच उपमेत नवऱ्याला प्राण द्यायला सांगितलंय, आणि मी ऐकलेल्या लग्नातल्या उपदेशांत बायकोची ओळ चांगली घोळवून आणि नवऱ्याची घाईत उरकलेली असते.

रोजच्या संसारात दोन्ही घरं बरीचशी सारखीच दिसतात. फरक कळतो तो दोघांचं जमत नाही तेव्हा. वादळात केळीचा बाग आडवा झाला. आता कर्ज काढायचं की सोनं मोडायचं? पूरक घरात ऐकून घेऊन शेवटचा शब्द नवऱ्याचा. समान घरात एकमत होईपर्यंत थांबतात, नाहीतर ज्याला त्यातलं कळतं त्याचं चालतं. दुसऱ्या रीतीत निर्णय रेंगाळतो, हे खरं. पहिल्या रीतीत नवरा चुकीचा निघाला की त्याला अडवणारं घरात कुणी उरत नाही, आणि हे मला जास्त महाग वाटतं.

मार खाणाऱ्या बाईला कुणी ‘अधीन राहा’ म्हणून परत पाठवत असेल तर तो पूरक मतही पाळत नाही. नवऱ्याची दडपशाही हे पापाचं फळ, असं डॅनव्हर्सचं निवेदनच म्हणतं.

एक आपल्याकडची गोष्ट. नवापूर पट्ट्यात आदिवासी घरांत देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडून मुलीच्या घरी जातं, आणि आठवडी बाजारात भाव ठरवणारी बाईच दिसते. तिथे ‘मस्तक’ शब्दाचा अर्थ अमेरिकन दिवाणखान्यातल्यासारखा कसा राहील? म्हणून नुसत्या पाटीवरून घराचा अंदाज बांधू नका.

मंडळीचा प्रश्न वेगळा. तीमथ्याला पहिलं पत्र २:१२ मध्ये बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये असं आहे. ‘अधिकार चालवणं’ यासाठीचा तिथला ग्रीक शब्द नव्या करारात फक्त याच एका ठिकाणी येतो, म्हणून त्याच्या अर्थावर वाद. उलट बायबलमध्येच प्रिस्किल्ला या बाईनं नवऱ्यासोबत अपुल्लो या उपदेशकाला शिकवलं, आणि फीबी या बाईसाठी पौलानं (ही पत्रं ज्याच्या नावची, त्या प्रेषितानं) ‘सेवक’ हा तोच शब्द वापरला जो तो स्वतःसाठीही वापरतो. आपल्याकडे पंडिता रमाबाई इंग्लंडात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली होती. पुढे त्याच बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं!

सीएनआयमध्ये बाईला पाळकपदाची दीक्षा मिळते. कॅथलिकांत नाही; १९९४ साली पोपनी ते पुन्हा ठामपणे सांगितलं. पण त्याच पोपनी १९८८ साली लिहिलं होतं की लग्नात अधीनता दोन्ही बाजूंनी असते. म्हणजे व्यासपीठाचं उत्तर आणि घराचं उत्तर वेगवेगळं असू शकतं, आणि भाचीला मी हेच सांगितलं. व्यासपीठावर बाई नाही एवढ्यावरून मुलगा नाकारू नकोस. तो स्वतः काय मानतो ते विचार.

कायद्याचं थोडक्यात: २००१ पर्यंत ख्रिस्ती बाईला घटस्फोटासाठी नवऱ्यापेक्षा जास्त सिद्ध करावं लागे. आता मुख्य कारणं दोघांना सारखी आहेत.

विवाहविधीचा मजकूर आधी मागून घ्या. १६६२ च्या इंग्रज प्रार्थनापुस्तकात आज्ञा पाळण्याची शपथ फक्त वधूची होती, आणि जुने मजकूर अजून कुठेकुठे चालतात. मंडळीचा हिशेब कोण बघतं, बाया सभेत मत देतात की नुसत्या चहा देतात, तेही बघा.

भाचीनं मुलाला विचारलं, आपलं जमलं नाही तर? तो म्हणाला, “आमच्याकडे आई ठरवते, सही बाबा करतात.” ती हसली, पण तिनं विधीचा कागदही मागितलाय. पाळक म्हणालेत, पुढच्या रविवारी देतो.