कुवेतचा अठरा नंबर व्हिसा: मिरज-कुपवाडच्या फिटर-वेल्डरसाठी पॅकेजचा रिव्ह्यू

मिरज, कुपवाड, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात आयटीआय झालेल्या पोरांना कुणी ना कुणी कुवेतचं पॅकेज दाखवत असतं. दोन वर्षांचा करार, राहणं कंपनीचं, तिकीट कंपनीचं, जेवण आपलं, पगार समजा 130 दिनार. आमचं मत आधीच सांगतो: पाचपैकी साडेतीन. तेही अठरा नंबरच्या व्हिसावर, आणि कागद गावातच तपासून घेतले असतील तर. अठरा नंबर म्हणजे खासगी कंपनीतली नोकरी, वीस नंबर म्हणजे कुणाच्या तरी घरचं काम. वीस नंबरवर पाठवतो आणि तिथं फिटरचं काम देतो, असं जो म्हणेल त्याला शून्य. वीस नंबरवाल्यानं कंपनीत काम केलं की तो कायद्यानं गुन्हेगार ठरतो आणि पगार बुडाला तरी कामगार खात्याकडं जायची सोय राहत नाही.

आता पैशाचं. दिनार जगातलं सगळ्यात महागडं चलन आहे. हिशोबाला 280 रुपये धरले तर 130 दिनारचे 36,400 होतात. हा आकडा ऐकून माणूस हरखतो. पण जेवण, मोबाईल, कधीमधी टॅक्सी हे सगळं दिनारमध्येच जातं. घरी किती पोचतं तेवढंच मोजा. कंपनी जेवण देत असेल तर 10-15 दिनार कमी पगारही परवडतो. खासगी क्षेत्रातलं किमान वेतन 75 दिनार आहे, म्हणजे 21,000 रुपये. एवढ्यासाठी कुशल वेल्डरनं घर सोडू नये.

हे पॅकेज कधी बिघडतं हे समजायचं तर कुवेतचा प्रपंच कसा चालतो ते बघावं लागतं. सरकारच्या उत्पन्नात सुमारे 90 टक्के वाटा तेलाचा. नागरिकाला आयकर नाही, घराला वीज युनिटमागे 2 फिल्स (1,000 फिल्सचा एक दिनार), घर बांधायला 70 हजार दिनारपर्यंत बिनव्याजी कर्ज, आणि बहुतेकांना सरकारी नोकरी. अर्थसंकल्पाचे जवळपास चार-पंचमांश पगार आणि अनुदानांवरच जातात. 1976 पासून पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा निधी आहे आणि त्यात दरवर्षी महसुलाचे 10 टक्के टाकायचा नियम होता. 2020 मध्ये तेल कोसळलं तेव्हा तो बदलून फक्त शिल्लक असेल त्या वर्षी टाकायचे असं ठरवावं लागलं. आयकर परदेशी कामगारालाही नाही, पण यातलं बाकी काहीच त्याला मिळत नाही, आणि लोकसंख्येत परदेशी साधारण 70 टक्के आहेत. आपण विकत घेतो तो फक्त पगार. तेल उतरलं की सरकार नागरिकांच्या पगाराला हात लावत नाही. ठेकेदारांची बिलं रखडतात. ठेकेदाराचं बिल रखडलं की आपला पगार रखडतो. म्हणून कंपनी कुणाचं काम करते हा पहिला प्रश्न. मीना अल-अहमदी, मीना अब्दुल्ला किंवा अल-झूर रिफायनरीत कायमचं देखभालीचं कंत्राट असेल तर उत्तम. नुसतं शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेवढ्यापुरतं काम असेल तर ते काही आठवड्यांत संपतं, आणि उरलेला करार माणूस कॅम्पवर बसून काढतो. मंत्रालयाच्या सफाई-सुरक्षेच्या कंत्राटावर फिटरला नेत असतील तर नकोच.

किंमत: नोंदणीकृत भरती एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे 35,400. पावती मागायचीच. एजंटचा परवाना ई-मायग्रेटच्या, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या वेबसाइटवर दिसतो. नाव, परवाना क्रमांक आणि तो आज चालू आहे की निलंबित, तिन्ही बघा. तालुक्यातला जो सबएजंट मध्ये पैसे घेतो त्याला कायद्यात जागाच नाही, त्यामुळे पैसे बुडाले तर तक्रार करायला समोर कुणी उरत नाही. दहावी पास असाल तर पासपोर्ट ईसीएनआर असतो आणि सरकारी मंजुरी लागत नाही. पुष्कळ पोरं इथंच फसतात: मंजुरी लागत नाही म्हणून कुणी करारही बघत नाही. ईसीआर, म्हणजे मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवाल्याचा निदान करार नोंदला जातो आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. हप्ता दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये, वर कर.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला मेडिकलला जायच्या आधी व्हिसाची प्रत हातात घ्या. इंग्रजी ऑफर लेटरवर 'वेल्डर' असतं आणि व्हिसावर अरबीत 'आमिल', म्हणजे साधा मजूर. अकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, लागतो तो अरबीवर. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात विचारलं तर अरबी वाचून सांगणारं कुणीतरी भेटतंच. हुद्दा, कंपनीचं नाव आणि व्हिसाचं कलम (अठरा की वीस) एवढं वाचून घ्या. हुद्दा चुकीचा असेल तर बदलून आल्याशिवाय पैसे देऊ नका. तिथं गेल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलायची तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, आणि सरकारी कंत्राटावरच्या अठरा नंबरला बदलीचे नियम आणखी वेगळे आहेत.

पॅकेजमधला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सेवा संपतानाची रक्कम. 2010 च्या कामगार कायद्यानं मासिक पगारवाल्याला पहिली पाच वर्षं दरवर्षी 15 दिवसांचा पगार, पुढं दरवर्षी पूर्ण महिन्याचा. एकूण मर्यादा दीड वर्षाचा पगार. दिवसाचा पगार 26 नं भागून काढतात. 130 दिनारवर 15 दिवसांचे 75 होतात. आठ वर्षांचा हिशोब: पाच वर्षांचे 375, पुढच्या तिन्हींचे 390, एकूण 765 दिनार, म्हणजे दोन लाखांच्या वर. मात्र बेमुदत करारावर स्वतः राजीनामा दिला तर तीन वर्षांच्या आत काहीच नाही, तीन ते पाच वर्षांत निम्मं, पाच ते दहामध्ये दोन-तृतीयांश, म्हणजे वरच्या उदाहरणात 510. पूर्ण रक्कम दहा वर्षांनंतरच. इथं करारातली एक ओळ महाग पडते. पगार '80 मूळ, 50 भत्ता' असा तोडलेला असतो. भत्ता करारात लिहिलेला असेल तर तो कायद्यानं पगारातच धरायचा. तोंडी असेल तर कंपनी 80 वरच हिशोब करते आणि आपल्याकडं दाखवायला काही नसतं. ओव्हरटाइमचंही तसंच: कायदा 25 टक्के जादा देतो, पण तास लिहून ठेवले असतील तर.

राहण्याची जागा फोटोवरून ठरवू नका. जून 2024 मध्ये मंगफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. खोलीत किती माणसं, जिना मोकळा आहे का, गॅस सिलिंडर कुठं ठेवतात, हे आधी गेलेल्या कामगाराला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. जो एजंट असा एकही नंबर देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पगार बँकेतच जमा झाला पाहिजे. रोख घेतला तर न मिळालेल्या महिन्याचा पुरावा राहत नाही. इथलं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्या आणि पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडा, एनआरईच्या व्याजावर आपल्याकडं कर नाही. जुलै 2025 पासून अठरा नंबरवाल्याला देश सोडताना मालकाकडून एक्झिट परमिट लागतं, म्हणून सुट्टीचा अर्ज तिकिटाच्या आधी. पासपोर्ट मालकानं ठेवणं बेकायदा आहे.

नोकरी सुटली आणि पैसे अडकले असतील तर दावा करार संपल्यापासून एक वर्षाच्या आत कुवेतच्या कामगार खात्याकडं दाखल झाला पाहिजे. नंतर तो ऐकलाच जात नाही. त्यामुळे 'हिशोब मागाहून पाठवतो' या शब्दावर विमानात बसू नका. सही करायचा कागद अरबीत असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नाही, कारण त्यात बहुधा सगळे पैसे मिळाले असं लिहिलेलं असतं.